मामींची रोजमेरी थंडीनं मेली नव्हती

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मामींचा फोन आला, "आरं ती केसाची तुळस वाळली बघ, थंडीनं जळली सगळी, टाकून देऊ का?" केसाची तुळस म्हणजे रोजमेरी. दोन वर्षांपूर्वी मामेबहिणीनं मोबाईलवर कुठंतरी बघितलं की रोजमेरी उकळून ते पाणी केसाला लावलं की केस गळायचे थांबतात, मग पाचगणीला फिरायला गेलो होतो तेव्हा वाटेतल्या एका नर्सरीतून दीडशे रुपयाला एक रोप घेतलं आणि ते साताऱ्यात मामींच्या अंगणात आलं. केसांचं काय झालं ते मला विचारू नका, बहीण पुण्याला गेली आणि झाड मामींच्या गळ्यात पडलं. नाव काही त्यांच्या तोंडात बसेना म्हणून केसाची तुळस.

मी म्हटलं मामी टाकू नका, मी रविवारी येतो, आणि तोपर्यंत एक काम करा, काहीच करू नका, पाणी पण नको. त्या म्हणाल्या वाळलेल्या झाडाला पाणी नको म्हणतोस, येडा का खुळा. आख्खं प्रकरण खरं तर या एका वाक्यात आहे.

आधी सांगतो, मी काही कृषी अधिकारी वगैरे नाही, ठिबकची कामं घेतो, कोरेगाव आणि वाई साईडला. त्यामुळे पाणी किती आणि कुठं जातंय हे बघायची सवय आहे, झाडांचं बाकीचं ज्ञान हे शेतकऱ्यांकडून आणि स्वतःच्या गच्चीत झाडं मारून मारून आलेलं.

रविवारी गेलो. मामींचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, किल्ल्याच्या उत्तरेच्या अंगाला. अंगणात तुळशीची कुंडी आणि तिच्या शेजारी प्लास्टिकच्या आठ इंची कुंडीत ही रोजमेरी, दोन फुटाचं झुडूप, अकरा मोठ्या फांद्या (मोजल्या), त्यातल्या आठ पूर्ण तपकिरी आणि तीन राखाडी हिरव्या. वरनं खताची रिकामी पिशवी घातलेली, थंडी वाजू नये म्हणून! पिशवी काढली तर आत दमट वास, आणि ज्या तीन फांद्या बऱ्या होत्या त्यांच्या पानांवर पिठूर पडलेलं, म्हणजे भुरी. द्राक्षवाल्यांना भुरी सांगायला नको, तीच ती, फक्त रोजमेरीवर येणारी बुरशी वेगळ्या जातीची असते.

आता बघा, मामींचा आरोप थंडीवर होता आणि वरवर बघितलं तर पटण्यासारखाच होता. यंदा थंडी होतीच, माझ्या गच्चीतल्या थर्मामीटरला पहाटे नऊ दिसलं दोन-तीन दिवस. महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळ्याला दव गोठल्याचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसला फिरत होते. आणि शेजारची तुळस पण काळवंडून झडलेली. तुळस गेली, रोजमेरी गेली, दोघी शेजारी, म्हणजे थंडीच ना.

पण नऊ डिग्री म्हणजे रोजमेरीला काहीच नाही हो. हे भूमध्य समुद्राच्या काठच्या खडकाळ डोंगरांवरचं झाड आहे, चांगलं मुरलेलं झुडूप असेल तर उणे पाच डिग्री सहज काढतं. तुळस उष्ण भागातली, तिला थंडी बाधते, दर वर्षी बाधते. दोघी एकाच खानदानातल्या आहेत हे खरंय, तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा, रोजमेरी सगळे एकाच कुळातले, (शास्त्रज्ञांनी तर २०१७ मध्ये रोजमेरीला तिच्या जुन्या वेगळ्या घरातनं काढून साल्व्हियाच्या घरात घातलं, आता तिचं शास्त्रीय नाव साल्व्हिया रोझमारिनस) पण म्हणून स्वभाव एक नसतो. सख्ख्या जावा पण एकसारख्या नसतात हे मामींना सांगितल्यावर पटकन पटलं.

मग मेली कशानं?

पहिलं नखानं साल खरवडून बघितली. आठ फांद्यांत खाली तपकिरी कोरडं, काडी वाकवली की कट्कन मोडते, म्हणजे विषय संपला. तीन फांद्यांत सालीखाली हिरवं ओलसर. नंतर कुंडी उचलली आणि तिथंच उत्तर मिळालं, दगडासारखी जड. पाच दिवस पाणी नव्हतं तरी. मामांचा रद्दीवाल्याकडनं आणलेला तो हुकाचा ताणकाटा होता घरात, त्याला पिशवीत घालून टांगली, पाच किलोला जरा वर. अगरबत्तीची जळून उरलेली काडी मातीत तळापर्यंत खुपसली, बाहेर आली ती चिखल लावून. वरची माती मात्र कोरडी, भेगा पडलेली, म्हणून मामी रोज पाणी घालत होत्या.

आणि रोज म्हणजे रोज. सकाळी तुळशीला पाणी घालायचं आणि तांब्यात उरलेलं शेजारच्या केसाच्या तुळशीला. पुण्यकर्मच ते, एक दिवस चुकलेलं नाही. दोन वर्षं!

कुंडी उलटी करून गड्डा बाहेर काढला. बाहेरच्या बाजूनं मामांच्या उसाच्या रानातली काळी माती, हाताला साबणासारखी चिकटणारी, आणि मधोमध नर्सरीचा मूळचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) गोळा तसाच्या तसा, पिळला तर पाणी ठिबकलं. मुळं बघायला गेलो तर बहुतेक काळी-तपकिरी, बोटानं ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. वास आला नाल्यासारखा. चांगली पांढरट कडक मुळं एका बाजूला फक्त, जिथं कुंडीचं भोक होतं त्या अंगाला, आणि जिवंत तीन फांद्या पण त्याच अंगाच्या. हे बघितल्यावर मामी गप्प झाल्या. "म्हंजे मीच मारली की रं." मी म्हटलं नाही ओ, मातीनं मारली, तुम्ही फक्त साथ दिली. (हसल्या, पण वाईट वाटलं होतं त्यांना, त्यांनी लई जीव लावलेला.)

माझा अंदाज असा की मूळ कुजायला सुरुवात थंडीत नाही, ऑगस्टमध्येच झाली असणार. या झाडाच्या मूळ मुलखात पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, आणि पाऊस पडला तरी खडकातनं निघून जातो. आपल्याकडं उलटं, ऊबदार हवा आणि चार महिने धो धो. साताऱ्याचा पाऊस महाबळेश्वरच्या मानानं काहीच नाही पण काळ्या मातीच्या प्लास्टिकच्या कुंडीला तो भरपूर झाला. मुळं निम्मी गेली तरी वरनं काही दिसलं नसणार कारण रोजमेरीची पानं सुईसारखी, जाड, कडा खाली वळलेल्या, ती माना टाकत नाहीत. टोमॅटो किंवा मोगरा असता तर दुपारी पानं लोंबली असती, लगेच कळतं. ही बाई आतनं मेली तरी दोन-तीन आठवडे वर हिरवीच दिसते आणि नंतर एकदम वाळते, मग आपण ज्या आठवड्यात वाळली त्या आठवड्यात काय घडलं ते शोधतो. त्या आठवड्यात थंडी होती. झालं.

थंडीचा हात अजिबात नव्हता असं पण नाही म्हणत मी. थंडीत झाड पाणी कमी ओढतं, माती वाळत नाही, आणि दुसरं म्हणजे ऊन. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली जातो, मामींच्या दक्षिणेला किल्ला, आणि त्यात भर म्हणून शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी वरचा मजला चढवला. उन्हाळ्यात अंगणात सात-आठ तास ऊन असायचं, मामींना विचारलं आता किती, तर म्हणाल्या दहाला येतं आणि साडेबाराला जातं. म्हणजे अडीच तास. या झाडाला सहा तास तरी लागतात. अडीच तासाच्या उन्हात रोज तांब्याभर पाणी आणि वर खताची पिशवी, थंडीला नाव ठेवायचं कशाला उगाच.

खरं सांगायचं तर आपल्या साताऱ्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच तिचा चांगला सीझन, कोरडी हवा, ऊन आणि गारवा. ज्यांच्याकडं गच्चीत आहे त्यांची थंडीतच फुटते.

आता उपाय. पिशवी फेकली, मेलेल्या आठ फांद्या काढल्या. इथं मी एक चूक केली ती लिहूनच ठेवतो. एक फांदी अर्धी जिवंत होती, वर थोडा हिरवा शेंडा आणि खाली वीतभर उघडं लाकूड. मी गुलाबासारखी खालनं छाटली, म्हटलं फुटंल खालनं. नाही फुटली, आजतागायत नाही. रोजमेरीचं जुनं लाकूड, ज्याच्यावर पान नाही, ते सहसा फुटत नाही, हे मला माहीत होतं तरी हात गेला कात्रीला, सवयीनं. छाटायचं ते हिरवं पान जिथपर्यंत आहे त्याच्या वरच. म्हणजे तीन जिवंतातली एक मी घालवली, राहिल्या दोन. बरं तो कापलेला शेंडा तरी मी टाकला नाही, तो पुढं कामाला आला.

सडकी मुळं सगळी काढून टाकली, कोकोपीटचा गोळा बोटांनी उकरून काढला, आणि मुळं जेवढी उरली तेवढ्याच मापाची सहा इंची मातीची कुंडी घेतली. लोकं आजारी झाडाला मोठी कुंडी देतात, लहान मुळाभोवती जास्त माती म्हणजे जास्त दिवस ओल, उलटं होतं. मिश्रण केलं दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं धुतलेली क्रश सँड (खडी फोडून केलेली वाळू), एक घमेलं पालापाचोळ्याचं खत. क्रश सँड धुवायचीच, नाहीतर त्यातली भुकटी सिमेंटसारखी बसते. आणि कुंडीच्या तळाला खापऱ्यांचा थर देतात ना निचऱ्यासाठी, तो मी देत नाही, भोकावर एकच खापरी, माती गळू नये म्हणून. थर दिला की पाणी त्या थराच्या वर मातीत अडकून बसतं, बारीक मातीतनं जाड खड्यात पाणी लगेच उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत धरून ठेवते. ठिबकमध्ये हे रोज बघतो आम्ही, मुरुमावर काळ्या मातीचा थर असला की ओल कशी अडकते ते. यावर मामांचं आणि माझं भांडण झालं, ते अजून खापऱ्या घालतात.

मामी शेणखत घेऊन आल्या, जिवामृत पण होतं, म्हटलं काही नको, ज्याला पचत नाही त्याला पंगतीला बसवायचं नाही. फक्त कृषी सेवा केंद्रातनं आणलेली ट्रायकोडर्मा पावडर (मूळकुजीच्या बुरशीला दाबणारी चांगली बुरशी) एक चमचा मातीत मिसळली. तिचा किती उपयोग झाला ते मी सांगू शकत नाही, कुजलेलं मूळ ती काही परत आणत नाही. भुरीला काही मारलं नाही, जागा बदलली, ऊन-वारा लागला आणि नवीन पानांवर आलीच नाही.

जागा म्हणजे कुठं, तर गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कडेला, एकदम उन्हात नाही, आठवडाभर सावलीत ठेवून मग. तिथं सकाळी आठपासनं ऊन. आणि मुख्य फायदा हा की तुळशीपासून लांब. तांब्या जिना चढत नाही.

पाणी कधी घालायचं हे मामींना शिकवायला वेळ लागला. वारावर नाही, कुंडी उचलून बघायची. पहिल्यांदा पाणी घालून निथळल्यावर ताणकाट्यावर वजन केलं आणि खडूनं कुंडीवर लिहिलं, मग हलकी झाल्यावर परत केलं, तो आकडा पण लिहिला. तिसऱ्या वेळेपासून त्यांना काटा लागलाच नाही, एका हातानं उचलून सांगतात, "आज नगं." फेब्रुवारीत आठ-नऊ दिवसांनी लागत होतं, एप्रिलमध्ये तीन दिवसांनी.

रोपं करायचं ठरवलं कारण दोन फांद्यांच्या आईवर माझा भरवसा नव्हता. बियांच्या नादाला लागलो नाही, रोजमेरीचं बी उगवतं कमी आणि उगवलं तरी वर्षभर काडीएवढं राहतं. छाट कलमं केली. शेंड्याकडच्या चार-पाच इंचाच्या काड्या, अगदी कोवळ्या लुसलुशीत नाहीत आणि तपकिरी लाकूड झालेल्या पण नाहीत, मधल्या, वाकवल्या तर वाकतात पण स्प्रिंगसारख्या परत येतात अशा. पेराच्या जरा खाली कापायचं, खालची निम्म्याहून जास्त पानं ओरबाडून काढायची (हाताला वास लागतो तो दिवसभर जात नाही, मस्त). चौदा निघाल्या, त्यात तो माझ्या चुकीचा शेंडा पण.

सहा काड्या रूटिंग पावडर लावून वाळू-कोकोपीटमध्ये, चार त्याच मिश्रणात पावडरशिवाय, आणि चार नुसत्या पाण्यात काचेच्या ग्लासात, हे मामींच्या हट्टानं, कारण मनीप्लांट तसाच येतो. वाळूतल्यांवर पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापून पालथ्या घातल्या, बूच काढून, म्हणजे दमट राहतं पण कोंडत नाही. दोन बाटल्यांची बुचं मी विसरलो होतो, त्यातली एक काडी आठव्या दिवशी काळी पडली.

इथं परत तीच खोडी. तीन आठवडे झाले, बाकी सगळ्या काड्या हिरव्यागार, मामी खूष, शेजारणीला सांगून आल्या चौदा रोपं झाली म्हणून. मी एक अलगद ओढली तर सरळ हातात आली, मूळ नाही काही नाही, खाली नुसतं पांढरं फुगलेलं. ज्या पानांनी आईचा आजार लपवला तीच पानं काडीचं पण खरं सांगत नाहीत, मूळ नसताना महिनाभर हिरवी राहतात. हिरव्या रंगावर जायचंच नाही. शेंड्याला नवीन फिकट पोपटी पानं आली आणि हलकं ओढल्यावर खालनं धरून ठेवलं तर समजायचं लागली.

सहा आठवड्यांनी हिशोब केला. पावडरच्या सहातल्या चार लागल्या, बिनपावडरच्या चारातल्या दोन, पाण्यातल्या चारातल्या तीन. पाणी जिंकलं असं मामी म्हणाल्या, पण पाण्यातली मुळं काचेसारखी ठिसूळ असतात, मातीत लावताना मोडली आणि तीनातली एकच जगली. म्हणजे एकूण सात. एवढ्याशा काड्यांवरनं पावडर लागतेच किंवा नाहीच असं काही ठरवू नका, मी पण ठरवलं नाही.

एक दाब कलम पण केलं होतं आणि परत कधी करायचं झालं तर मी आधी तेच करीन. आईची एक फांदी खाली झुकलेली होती, ती शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कुंडीवर वाकवली, जिथं मातीला टेकते तिथं खालच्या अंगाची साल ब्लेडनं जराशी खरवडली, सायकलच्या आऱ्याची यू करून दाबली, वर दोन बोटं माती आणि एक चपटा दगड. फांदी आईला जोडलेलीच असते त्यामुळं मूळ येईपर्यंत उपाशी मरत नाही, बाटली नको, बूच विसरायची भानगड नको. मेच्या शेवटी मधून कापली, खाली मुठीएवढी मुळं. बाकी सगळ्या काड्यांपेक्षा तेच रोप दांडगं निघालं.

एप्रिल-मेच्या उन्हाचं मला वाटलेलं एवढं टेन्शन आलं नाही, लहान रोपांना दुपारी हिरव्या नेटखाली ठेवलं आणि आई उघड्यावरच होती. एका वळवाच्या पावसात गारा पडल्या, त्यात एक-दोन शेंडे मोडले, ते मामींनी चहात टाकले. (चांगला लागतो, आल्यापेक्षा नाही पण.)

खरी परीक्षा पावसाळ्याची. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या कुंड्या जिन्याच्या पत्र्याखाली, विटांवर उचलून, पागोळ्या अंगावर येणार नाहीत अशा आत, पण दोन बाजू उघड्या, वारा पाहिजे. जुलैत दहा दिवस झड लागली होती तेव्हा एकदाही पाणी घातलं नाही. तरी दोन लहान रोपं गेली, बुडातनं काळी पडून, दोन्ही त्याच घमेल्यातली ज्यात मी मुरूम कमी पडला म्हणून कोकोपीट जास्त घातलेलं. आईच्या पण खालच्या पानांना काळं लागलं होतं, ऊन निघाल्यावर थांबलं.

आता नोव्हेंबर चालू आहे. आई जिवंत आहे, दिसायला वाईट, एका बाजूला दोन फांद्या आणि दुसऱ्या बाजूला माझ्या चुकीचा ठोकळा, पण त्या दोन फांद्यांना वीतभर नवीन फूट आहे आणि या आठवड्यात निळसर दोन फुलं आली. लहान सहा आहेत. दोन बहिणीला पुण्याला पाठवली, एक माझ्याकडं, दाब कलमाचं मामींनी स्वतःला ठेवलं, आणि एक शेजारणीला, जिला चौदा सांगून ठेवलेली. सहावं देत नाहीत कुणाला, विचारलं तर म्हणाल्या राहू दे, तुझा काय भरवसा, परत कात्री चालवशील.

काल गेलो होतो तर शेजारणीची कुंडी तिच्या तुळशीजवळ मांडलेली दिसली. मामींना म्हटलं सांगितलं का तिला पाण्याचं. म्हणाल्या, "सांगून ऐकती व्हय ती, मी रोज सकाळी तिच्या आधी उठून कुंडी आत सरकवती."